दमानं घ्या

"चालताना दम लागतो का?"

टीबी-चेस्टच्या ओपीडीत हा प्रश्न मी तीन वर्षं विचारला. एमडीची तीन वर्षं, सोलापुरात. विभागाचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण रिक्षावाल्यापासून डीनपर्यंत सगळे 'टीबी-चेस्ट' म्हणत, आम्हीही. पुस्तकात दम मोजायची एक पट्टी होती, शून्य ते चार. सपाट रस्त्यावर शंभर मीटर चालून थांबावं लागलं तर तीन. कपडे बदलतानाच धाप लागली तर चार. समोरच्या म्हाताऱ्याला शंभर मीटर म्हणजे किती हे ठाऊक नसे. तो सांगे, "मारुतीच्या देवळापर्यंत जातो बघा, मग पारावर टेकतो." मग मारुती घरापासून किती लांब, याची चौकशी सुरू. विड्या वळणाऱ्या एक बाई म्हणाल्या होत्या, "आधी पाचशे विड्या एका बैठकीत व्हायच्या. आता पन्नास झाल्या की दारात जाऊन उभी राहते, वारं घ्यायला." त्यांना कितवी ग्रेड द्यायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. केसपेपरवर मी तेव्हा 'तीन' लिहून मोकळी झाले होते.

केस लिहायला शिकवतात तेव्हा पहिला नियम हाच सांगतात की रुग्णाची तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहा. आणि लगेच आपण ती इंग्रजीत लिहितो. दम लागतो, धाप लागते, श्वास पुरत नाही, ऊर भरून येतो, भाता हलतोय नुसता, जीव घाबरा होतो. कागदावर या सगळ्यांचं एकच होतं, ब्रेथलेसनेस. त्यातल्या भाता म्हणणाऱ्याकडे जरा नीट पाहावं, बहुतेक वेळा त्याचा दमा जुना असतो आणि पोटाचे स्नायूही श्वासाला जुंपलेले असतात. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही.

बाकी आपल्या भाषेत 'दम' हा फार कामाचा शब्द आहे. लागतो तेव्हा आजार, असतो तेव्हा ताकद, देतात तेव्हा धमकी, खातात तेव्हा विश्रांती आणि धरतात तेव्हा धीर. पुढची दोन वर्षं मी ज्यासाठी पुण्याला गेले, ते शिक्षण या शेवटच्या दोन अर्थांचं होतं, असं आता वाटतं. जाताना मात्र ताकद कमवायला निघाल्याच्या थाटात गेले होते.

एमडीनंतर क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूतल्या उपचारांचा, एक वर्षाचा डिप्लोमा आणि त्यावर एक वर्षाची फेलोशिप, असा तो बेत. घरी समजावताना नाकी नऊ आले. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक इंटर्नशिप, तीन एमडी, आणि आता आणखी दोन, मध्ये बाँड आणि प्रवेशपरीक्षांमध्ये गेलेला काळ वेगळाच. आत्यानं फेलोशिप हा शब्द ऐकून आनंदानं विचारलं, "महिन्याला किती मिळते?" तिच्या माहितीतली फेलोशिप विद्यापीठाची, पीएचडी करणाऱ्या मुलांना मिळणारी. 'फेलो' हे माणसाचं नाव असतं आणि त्या माणसाला रात्री तीन वाजता उठवतात, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

छातीच्या डॉक्टरनं आयसीयूत का जायचं, हा प्रश्न मात्र रास्त होता. आपल्याकडे आयसीयू बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञांनी उभे केले. आमच्या तुकडीतही निम्म्याहून जास्त भूलशास्त्राचे होते आणि ट्यूब टाकण्यात ते आमच्या वर्षानुवर्षं पुढे होते. अमेरिकेत उलट, फुफ्फुसं आणि अतिदक्षता ही जोडगोळीच आहे. तीन वर्षं मेडिसिनची रेसिडेन्सी आणि त्यावर तीन वर्षांची एकत्र फेलोशिप. माझी एक वर्गमैत्रीण त्या वाटेनं गेली. आपल्याकडेही आता एमडीच्या पुढची डीएम ही पदवी दोन्ही मिळून करता येते. पण मूळ गोष्ट एकच आहे, आयसीयू जन्माला आला तोच श्वासापायी.

ही गोष्ट आम्हाला पहिल्या आठवड्यात सांगितली गेली आणि पुढे मी ती माझ्या रेसिडेंट्सना सांगत आले. १९५२, कोपनहेगन. पोलिओची साथ. ब्लेगडॅम हॉस्पिटलात मुलं आणि माणसं येत होती, ज्यांना गिळता येत नव्हतं आणि श्वास ओढता येत नव्हता. हॉस्पिटलात लोखंडी फुफ्फुस म्हणतात तो पिंप एक, आणि छातीवर बसवायची कवचं सहा. अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवली गेली आणि त्यानं रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलली. ऑपरेशन टेबलावर तो रोज करत होता तेच. मुलगी जगली. पण पिशवी दाबायला माणूस लागतो, आणि रुग्ण शेकड्यांनी. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, खाटेशेजारी बसून, महिनोन्‌महिने हातांनी श्वास दिले. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून २५च्या आसपास आलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेननं त्याच शहरात असे सगळे रुग्ण एका जागी ठेवणारा विभाग सुरू केला. पहिला आयसीयू तो.

मला यातली मुलगी आठवत नाही, इब्सेनही नाही. आठवतात ते विद्यार्थी. विशीतली मुलं, रात्रपाळी, हातात पिशवी, आणि समोर आपल्याकडे बघणारं जागं पोर. त्या आजारी पोरांपैकी काही या विद्यार्थ्यांच्या हाताखालीच गेली असणार. तेव्हा पिशवी कधी थांबवायची, हे त्यांना कोण सांगत होतं?

आपल्याकडे इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूच्या डॉक्टर, लोकांची संघटना १९९३ साली मुंबईत स्थापन झाली. म्हणजे मी दुसरी-तिसरीत होते तेव्हा ही शाखा इथं आपलं नाव शोधत होती. आमचे सर त्या पिढीचे. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला शिंप्याची टेप दिली. लक्ष्मी रोडवरून आणलेली, पिवळी, एका बाजूला इंच. "ही खिशात ठेवायची. स्टेथोस्कोप विसरलात तर चालेल."

चौथ्या की पाचव्या दिवशी न्यूमोनियाची एक बाई व्हेंटिलेटरवर आली. वजन ८२ किलो. किलोमागे सहा मिलिलिटर हवा, म्हणून मी मनातल्या मनात सहानं गुणलं, मशीनवर एका श्वासाला ४९० मिलिलिटर लावले आणि खूश झाले. सर आले, मशीनकडे पाहिलं, म्हणाले, "उंची?" मी गप्प. खिशातली टेप काढली. डोक्यापासून टाचेपर्यंत १५० सेंटिमीटर. त्या उंचीच्या बाईचं हिशेबातलं वजन येतं ४३ किलोच्या आसपास, आणि सहानं गुणलं की २६०. मी जवळजवळ दुप्पट हवा कोंबत होते. सर म्हणाले, "पोट सुटतं, फुफ्फुस सुटत नाही. दमानं घ्या."

'दमानं घ्या' हे त्यांचं पालुपद होतं. मला तेव्हा ते जरा पुणेरी वाटायचं.

या सहाच्या आकड्यामागे मोठा इतिहास आहे. १९६७ साली डेन्व्हरच्या डॉक्टरांनी बारा रुग्णांचं वर्णन छापलं. कुणाला अपघात, कुणाला न्यूमोनिया, पण फुफ्फुसं सगळ्यांची एकसारखी, कडक आणि पाण्यानं भरलेली. आज त्याला एआरडीएस म्हणतात. पुढची तीस वर्षं अशा फुफ्फुसांत डॉक्टर मापटं भरून हवा ढकलत राहिले, कारण रक्ताचे रिपोर्ट त्यानं छान दिसत. ऑक्सिजन ठीक, कार्बन डायऑक्साइड ठीक, आणि माणूस मात्र जायचा. मग २००० साली अमेरिकेतला अभ्यास आला. ८६१ रुग्ण. अर्ध्यांना किलोमागे बारा मिलिलिटर, अर्ध्यांना सहा. बारावाल्यांपैकी ३९.८ टक्के गेले, सहावाल्यांपैकी ३१. साधारण अकरा-बारा रुग्णांमागे एक माणूस जास्त वाचला. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. बटण उलट्या बाजूला फिरवलं, एवढंच.

सांगायला सोपं आहे. हवा कमी दिली की कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्त आंबट होतं, पहाटे पाचच्या एबीजीवर, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, पीएच ७.२५ येतो आणि कागदावर त्याच्यापुढे लाल खूण असते. ती खूण बघून हात शिवशिवतात. आपण तिथं जागे आहोत, शिकलेले आहोत, दोन क्लिकमध्ये आकडा सरळ करू शकतो, आणि करायचा नाही. त्या पहाटे मी तीनदा मशीनजवळ गेले आणि तीनदा परत आले. इन-चार्ज सिस्टर बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, बसा की जरा."

तसंच झोपेच्या औषधाचं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला गाढ झोपवून ठेवणं हीच माणुसकी, असं मी समजत होते. नातेवाइकांनाही शांत झोपलेला बाबा बरा वाटतो. २०००च्याच सुमारास शिकागोत १२८ रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. निम्म्यांचं झोपेचं औषध रोज सकाळी बंद करून त्यांना जागं होऊ दिलं. ते साधारण पाच दिवसांत मशीनवरून सुटले, बाकीचे सातच्या वर. आम्हीही रोज सकाळी बंद करायचो. राउंडमध्ये हे वाक्य म्हणायला छान वाटतं. पण जागा होणारा माणूस घाबरतो, नळी ओढायला हात वर नेतो, डोळ्यांतून पाणी काढतो, आणि त्याच्याजवळ कुणीतरी थांबावं लागतं. ते कुणीतरी मी नसायची. सिस्टरांनीच एकदा सुनावलं, "तुम्ही झोप बंद करा म्हणता आणि पुढच्या बेडला जाता. हात धरून बसतो आम्ही." बरोबर होतं. त्यानंतर मी रोज एका रुग्णापाशी दहा मिनिटं तरी बसायला लागले. रोज जमलं असं म्हणणार नाही.

कोविडवर इथं लिहायचं नाही असं ठरवलंय. ते खूप लिहून झालं आहे, आणि तेव्हा मी शिकत नव्हते, शिकवत होते, तेही धड नाही.

ब्रॉन्कोस्कोपीबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, कारण आयसीयूच्या त्या गदारोळात माझं माहेर तेवढंच होतं. छातीवाल्यांचं हत्यार. डाव्या हातात मूठ, अंगठ्याखाली खटका, आणि मनगट वळवलं की आत वीतभर अंतरावरचं टोक वळतं. सुरुवातीला सगळेच भिंतीवर आपटतात आणि पडदा लाल होतो. मग एक दिवस अचानक समोर श्वासनळीचा दुभाग नीट दिसतो. कॅरिना. लॅटिनमध्ये हा शब्द होडीच्या तळाच्या कण्यासाठी आहे. खरंच, उलट्या होडीत उभं राहून कण्याकडे पाहावं तसं दिसतं. उजवीकडची वाट सरळ उतरते, डावीकडची वळसा घेते, म्हणून घशातून चुकलेली वस्तू बहुतेक वेळा उजवीकडे सापडते.

एक आजोबा आले होते. सहा महिने खोकला, ताप येऊन-जाऊन, उजव्या फुफ्फुसाच्या तळाला तोच तो डाग. कुठंतरी टीबीची औषधं सुरू झाली होती. आपल्याकडे एक्स-रेवर डाग दिसला की आधी टीबी, हा जुना रिवाज, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो, म्हणून तर तो मोडत नाही. दुर्बीण घातली. उजवीकडे खाली दाणेदार लाल मांस वाढलेलं. माझ्या पोटात गोळा आला, मला कॅन्सरच वाटला. सरांनी मागून फक्त एवढं म्हटलं, "घाई नको. बाजूनं बघा." बाजूनं पाहिलं तर मांसाच्या आड काहीतरी तपकिरी, कडेला धार असलेलं. चिमट्यात धरून बाहेर काढलं तेव्हा खोलीतल्या मावशींनी ते सगळ्यांच्या आधी ओळखलं. "सुपारी हाय की!" अडकित्त्यानं नीट कातरलेलं खांड होतं. आजोबांना आठवलं, नातीच्या लग्नात पान खाताना हसू आलं होतं आणि जोराचा ठसका लागला होता. पाणी प्यायले, पाठीवर थोपटून घेतलं, विसरले.

श्वासनळीत दुर्बीण घालून अडकलेली वस्तू पहिल्यांदा काढली ती गुस्ताव किलियन या जर्मन डॉक्टरनं, १८९७ साली. एका शेतकऱ्याच्या श्वासनळीतलं डुकराचं हाड होतं ते. सरळ, ताठ नळी, वाकणारी नव्हे. वाकणारी दुर्बीण विसाव्या शतकाच्या सत्तरीला टेकता टेकता जपानच्या शिगेतो इकेदांनी आणली. तिकडे हाड, इकडे सुपारी. लहान मुलांत आपल्याकडे शेंगदाणा, चिंचोका, आणि हंगामात सीताफळाची बी. शक्य असेल तर तीन-चार वर्षांपर्यंतच्या पोराच्या हातात दाणे देऊ नका, हे मी लग्नाच्या पंगतीतही सांगत फिरते आणि लोक मला टाळतात.

आता त्या शब्दाकडे येते ज्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला बसले. व्हेंटिलेटरवरून माणसाला हळूहळू सोडवण्याला आमच्या धंद्यात 'वीनिंग' म्हणतात. रोज सकाळी मशीनचा आधार जवळजवळ काढून घ्यायचा, अर्धा तास माणसाला स्वतःचा श्वास घेऊ द्यायचा आणि बघायचं. श्वास उथळ आणि भराभर झाले, घाम फुटला, तर परत आधार द्यायचा. उद्या पुन्हा. हे मी वर्षभर बोलत होते, लिहीत होते, आणि हा शब्द मुळात कुठून आला याचा विचारही केला नव्हता.

एका मुलाला, वय चोवीस, सर्पदंशानंतर मशीनवर ठेवलं होतं. मण्यारीचा दंश. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, आणि सकाळी पापण्या उघडत नाहीत, मग श्वास बंद. विष उतरेपर्यंत श्वास चालवत ठेवला तर माणूस हसत घरी जातो, म्हणून आम्हाला हे रुग्ण आवडायचे. त्याची आजी रोज बाहेर बसलेली. काउन्सेलिंगच्या खोलीत मी तिला समजावत होते, मशीनचा जोर रोज थोडा कमी करतोय, लगेच काढणार नाही, त्याची सवय मोडायला वेळ लागतो, तो मध्ये घाबरेल, परत लावू. मी घाम पुसत चौथं उदाहरण शोधत होते. आजीनं हात वर केला. "म्हंजे अंगावरचं तोडताय त्याचं."

बाळाला अंगावरच्या दुधावरून सोडवणं. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ अगदी हाच आहे, हे मी त्या रात्री शब्दकोशात पाहिलं. आजी पुढं मला सांगतच होती. एकदम तोडू नको, पोर हटून बसतं. रात्रीचं शेवटी तोड. दिवसा खेळात असलं की विसरतं. यातल्या प्रत्येक वाक्यासाठी माझ्याकडे एक शोधनिबंध होता. रात्री मशीनचा आधार पूर्ण ठेवावा, दिवसा सराव करावा, रोज एकदाच परीक्षा घ्यावी. तिनं सहा पोरांचं तोडलं होतं, मी तोवर तेवढ्याही लोकांना मशीनवरून माझ्या हिमतीवर सोडवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. नळी निघाली की घोगऱ्या आवाजात जे पहिलं मागतात ते बहुधा पाणी असतं. यानं विचारलं, "म्हशी कोण काढतंय?"

काउन्सेलिंगची खोली हा या शिक्षणाचा खरा वर्ग. चार खुर्च्या, टिश्यूचा डबा, भिंतीवर फुफ्फुसाचं चित्र. दिवसातून दोनदा नातेवाइकांना बोलवायचं, सांगायचं, आणि सांगितल्याची सही घ्यायची. आतलं सगळं शिक्षण इंग्रजीत, या खोलीतलं मराठीत, आणि मला आढळलं की माझ्याजवळ इथं वापरायला दोनच वाक्यं आहेत. 'पेशंट सिरीयस आहे' आणि 'आम्ही प्रयत्न करतोय.' पहिल्या वाक्यानं कुणालाच काही कळत नाही, कारण आयसीयूत आहे म्हणजे सिरीयस आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं. दुसऱ्यानं उलटंच कळतं. बाहेर एक समजूत पक्की असते की मेलेल्या माणसालाही बिलासाठी मशीनवर ठेवतात. तिला हसण्यात अर्थ नाही. बिल भरून जमीन गहाण पडलेली असते, आणि आत काय चाललंय ते त्यांना काचेतून दिवसाला पाच मिनिटं दिसतं.

सर फार कमी बोलायचे. आत येऊन बसायचे आणि विचारायचे, "तुम्हाला काय दिसतंय?" मग थांबायचे. ती शांतता मला सोसायची नाही, मी भरायला जायची आणि त्यांचा हात टेबलाखाली किंचित वर व्हायचा. थांब. मिनिटभरानं कुणीतरी, बहुधा घरातली सर्वांत गप्प बाई, म्हणायची, "त्यांना आता ओढवत नाही, असं दिसतंय." यापुढचं बोलणं मग सोपं असायचं. अवघड व्हायचं ते दूरचा मुलगा विमानातून उतरल्यावर. चार वर्षं आला नाही तो आल्या आल्या सगळं करा म्हणतो. अमेरिकेतली माझी मैत्रीण म्हणाली, तिकडेही हेच, फक्त तिकडे मुलगा दुसऱ्या राज्यातून येतो.

तेव्हा कायद्यानंही हात बांधलेले होते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानबागांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली उपचार थांबवायची वाट मान्य केली, पण ती उच्च न्यायालयातून जात होती. आयसीयूतल्या माणसाजवळ तारखा पडण्याइतके दिवस नसतात. ९ मार्च २०१८च्या निकालानं सन्मानानं मरण्याचा हक्क मानला, पण त्यात कलेक्टरनं नेमलेलं मंडळ आणि प्रत्यक्ष येऊन पाहणारा न्यायदंडाधिकारी होता. २४ जानेवारी २०२३ला ते सोपं झालं. हॉस्पिटलनंच नेमायची तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, शक्यतो ४८ तासांत निर्णय, न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं. माझ्या फेलोशिपच्या काळात यातले शेवटचे दोन्ही निकाल नव्हते. होता तो एक फॉर्म, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत. शब्द 'विरुद्ध', आणि पुष्कळदा सल्ला आणि नेणारे दोघेही एकाच बाजूला.

सासवडच्या पुढच्या एका गावचे ते बाबा होते. बहात्तरचे. फुफ्फुसं चुलीच्या धुरानं आणि विडीनं आधीच गेलेली, त्यावर न्यूमोनिया, मग मूत्रपिंडं, मग रक्तदाब. सोळावा दिवस. मुलगे म्हणाले, घरी नेतो, त्यांना तिथंच न्यावं असं आईचं म्हणणं आहे. सही झाली. ॲम्ब्युलन्सबरोबर जायला त्या रात्री दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी गेले.

ॲम्ब्युलन्समध्ये छोटं व्हेंटिलेटर नव्हतं. अंबू बॅग होती. तीही डेन्मार्कची, १९५६ सालची कल्पना, आपोआप फुगणारी पिशवी. दर पाच सेकंदांना एकदा दाबायची. हडपसर मागं पडलं, दिवे घाट लागला. वळणावर मी एका हातानं स्ट्रेचरचा दांडा धरायची आणि दुसऱ्यानं पिशवी दाबायची. धाकटा मुलगा समोर बसून माझ्याबरोबर मनात आकडे मोजत होता, त्याचे ओठ हलत होते. मध्ये म्हणाला, "ताई, मी दाबू का थोडं?" मी दाखवलं. अर्धीच दाबायची, पूर्ण नाही. हळू सोडायची. त्यानं घाटमाथ्यापर्यंत दाबली, माझ्यापेक्षा बऱ्या लयीत. बैलगाडी हाकलेला हात असावा.

गावात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. ओटीवर सतरंजी टाकून ठेवलेली, दिवा लावलेला. उचलून आत घेतलं, मी डोक्याशी बसले आणि पिशवी परत हातात घेतली. त्यांची बायको, आजीच, उशाशी आली. तुळशीचं पान आणि पळीत पाणी. ओठात नळी असल्यामुळे पाणी कुठून सोडायचं ते तिला कळेना. मी नळी जरा कडेला सरकवली. तिनं थेंब सोडले. नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाली, "ऊर्ध्व लागला होता तेव्हाच कळलं होतं मला. सोमवारीच."

सोमवारी आम्ही राउंडमध्ये नवं अँटिबायोटिक सुरू केलं होतं.

मी मानेवर बोटं ठेवली. नाडी नव्हती. कधीपासून नव्हती ते सांगता येणार नाही, घरात शिरताना होती. सतरंजीभोवती बारा-पंधरा माणसं उभी होती आणि सगळी माझ्या हाताकडे बघत होती. आणि मला सगळं ठाऊक असून माझा हात चालूच होता. दाब, सोड, एक, दोन, तीन, चार. थोरला मुलगा बघून न बघितल्यासारखं करत होता. किती वेळ गेला, दोन मिनिटं असतील, पाच असतील.

म्हातारीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दम खा आता, पोरी."

मी पिशवी खाली ठेवली. त्या घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून थोड्या वेळानं शेजारच्या घरातून चहा आला, माझ्यासाठी आणि ड्रायव्हरसाठी, स्टीलच्या पेल्यांत. बाहेर अंगणात उभ्यानं प्यायलो. निघताना ड्रायव्हरनं आठवण केली, "मॅडम, बॅग आपली आहे ना? राहील इथंच." मी परत आत गेले. कुणीतरी ती उचलून, पुसून, देवघराच्या कोनाड्यात ठेवली होती.